आमची आठ दहाची बस

आज सकाळी स्टॉपच्या खांबाला कागद चिकटवलेला. आठ दहाची फेरी बंद, प्रवाशांनी सात चाळीस किंवा आठ पन्नासच्या बसने जावं. दोन ओळी आणि खाली शिक्का. साधी दिलगिरीसुद्धा नाही! दिवसभर डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

फेरी रिकामी जायची म्हणे. असेल. शेवटच्या टप्प्यात चार-पाचच माणसं उरायची, खरं आहे. पण ती माणसं एकमेकांची कोण होती, हे तिकिटं मोजणाऱ्याला कुठून कळणार?

बसमधली मैत्री कशी होते ते रोज उभ्याने जाणाऱ्याला विचारा. आधी कित्येक महिने नुसते चेहरे. मग एक दिवस तुम्ही दांड्याला लोंबकळताय, खांद्यावरची बॅग घसरतेय, आणि बसलेलं कुणीतरी हात पुढे करतं, "द्या इकडे." बस्स. तुमची बॅग एकदा ज्याच्या मांडीवर गेली, तो माणूस परका राहत नाही.

माझी बॅग गेली ती घड्याळाच्या पट्ट्याखाली तिकीट खोचून ठेवणाऱ्या एका ताईंच्या मांडीवर. चार वर्षं झाली त्याला. पहिली अडीच वर्षं आमचं नातं बॅगेपुरतंच. मी चढले की त्या हात पुढे करायच्या, उतरताना मी मान हलवायचे. मग एका सकाळी भर बसमध्ये घरून फोन आला, बाबा पडलेत, शुद्धीवर नाहीत. मला पुढचं काही सुचेना. ताईंनी उठून बेल मारली आणि माझ्याबरोबर उतरल्या. त्यांचा स्टॉप अजून चार स्टॉप पुढे होता.

मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा रोज दिसणाऱ्या, पण कधी न बोललेल्या माणसांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं होतं. ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात कोसळली, तेव्हा १७ वर्षं तिला फक्त येता-जाता पाहणारी दुसरी बाई तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलपर्यंत गेली, असं त्याने लिहून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला ताईच दिसल्या. हॉस्पिटलच्या दारात माझी बॅग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही आत जा. मला उशीर झाला तो झालाच."

त्यानंतर बाबा घरी येईपर्यंत रोज विचारायच्या. आणि आल्यावरही. "आज चालले का?" एवढंच. माझ्या सख्ख्या नातेवाइकांपैकी किती जणांनी रोज विचारलं, ते इथे लिहीत नाही, ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

दुपारी ऑफिसमध्ये हे सांगितलं, तर एक जण म्हणाला, "मग नंबर घेऊन ठेवायचा ना!" अरे, नंबराची गरजच कधी पडली नाही! आठ दहाची बस होती ना. रोज भेटणाऱ्या माणसाचा कुणी नंबर मागतं का? नावसुद्धा विचारलं नाही मी. त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना ताई. आता सगळा राग निवल्यावर तेवढंच सलतंय.

कधी कधी इअरफोन घालून गप्प बसावंसं वाटतं, मलाही वाटतं. आणि नको इतके चिकटणारेही बसमध्ये भेटतात, मान्य. पण म्हणून एका फटक्यात अख्खी बस पुसून टाकायची? कंडक्टरला त्या मागच्या सीटवरच्या काकांचा स्टॉप पाठ होता. त्यांना डुलकी लागली, तर तोच उठवायचा. आता कोण उठवणार त्यांना?

ताई माझ्या आधी तीन स्टॉप चढतात, एवढं मला माहीत आहे. उद्या साडेसातच्या आत चालत तिथे जाऊन उभी राहणार आहे. सात चाळीसला आल्या तर ठीक, नाहीतर आठ पन्नासपर्यंत थांबेन. ऑफिसला उशीर झाला तर झाला.