पाचट पेटवल्यानं खोडवा जोमात येतो? मुद्द्याला मुद्दा

ऊस कारखान्याला गेला की आमच्या लातूर भागातल्या शेतकरी गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात पडलेली उसाची वाळकी पानं, पेटवून द्या, राख म्हणजे फुकटचं खत, आगीत कीड मरते, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, चांगला फुटतो, ठेवलं तर ऊस पिवळा पडतो आणि सरीत पाणी चालत नाही. मीही कितीतरी वर्षं काडी लावलेली आहे, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

राख खत आहे हे अर्धंच खरं. एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट निघतं. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र (नायट्रोजन), म्हणजे 15 ते 20 किलो. जवळपास एका गोणी युरियाएवढं! पेटवलं की बहुतेक नत्र धुरात जातं. पालाश (पोटॅश) राखेत उरतं, पण वारा सुटला की राख शेजाऱ्याच्या रानात. सगळ्यात मोठं नुकसान सेंद्रिय कर्बाचं. पाचटाचा तिसरा हिस्सा कर्बच असतो. माती परीक्षणाचा कागद काढून बघा, आपल्याकडं कर्बाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘कमी’ असंच लिहिलेलं सापडतं. एकरी टनभर कर्ब जाळायचा आणि मग शेणखताची ट्रॉली विकत आणायची, हे आता बघवत नाही.

कीड मरते म्हणतात. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, मातीत मुळांपाशी असते, वरच्या जाळाची झळ तिथवर पोचत नाही. मरतात ते वरच्या थरातले जिवाणू आणि मित्रकीटक. पाचटात उंदीर लपतात हे मात्र खरं, त्यांचा बंदोबस्त वेगळा करावाच लागतो.

खोडवा आगीनं फुटत नाही, बुडखे मोकळे झाल्यानं फुटतो. जाळल्यावर बुडख्यांवरचं पाचट आपोआप जातं, म्हणून श्रेय आगीला मिळतं. तेच काम हातानं करा: पाचट ओढून सरीत दाबा आणि बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. मातीखालच्या डोळ्यांतून आलेला फुटवा जास्त ठणठणीत असतो.

ऊस पिवळा पडतो, या तक्रारीत तथ्य आहे आणि तिची टिंगल करू नये. माझ्याही रानात पहिल्या वर्षी तसंच झालं. पाचट कुजवणारे जिवाणू वाढताना मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात, उसाला तेवढे दिवस कमी पडतं. म्हणून टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं. एकरी युरिया पाऊण गोणीसुद्धा लागत नाही. मी हे न टाकता नुसतं पाचट पसरलं होतं. चूक पाचटाची नव्हती.

पाणी चालत नाही, तर एक आड एक सरीत पाचट भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. ठिबक असेल तर प्रश्नच नाही. उलट पेटवताना नळ्या वितळतात, त्याचा हिशेब त्या मजकुरात कुणी धरत नाही. बांधावरच्या लिंबाचा अर्धा शेंडा होरपळतो, तोही नाही.

पाण्याचंच बोलायचं तर 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. एप्रिलच्या भर दुपारी पाचटाचा थर हातानं उचला. वरची पानं कुरकुरीत, खालची काळपट आणि ओलसर, त्यांना पांढऱ्या बुरशीचे धागे चिकटलेले. त्याखालची माती मुठीत दाबली की गोळा होतो. दोन सऱ्या सोडून जिथं गेल्या वर्षी मीच जाळलं होतं, तिथं त्याच दिवशी भेगांत बोट जात होतं. पाचट ठेवायला लागल्यापासून आमच्याकडं पाण्याच्या पाळीचं अंतर चार-पाच दिवसांनी वाढलंय, आणि बोअरला तेवढीच उसंत मिळते.