मोगऱ्याच्या फुलांचं श्रेय एप्सम सॉल्टला कशाला?

फेब्रुवारी उलटला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सोसायटीचा ग्रुप असो, गच्चीवरच्या बागेचा असो की माहेरच्या माणसांचा, येतोच. वर पानं दिसू नयेत इतका फुललेला मोगरा आणि खाली उपाय: आठवड्याला एक चमचा एप्सम सॉल्ट पाण्यातून द्या, सात दिवसांत शेकडो कळ्या. जोडीला केळीच्या सालीचं पाणी आणि चहाचा चोथा. झाडाला कात्री लावू नका. उन्हाळ्यात कुंडी सावलीत घ्या, दोन वेळा पाणी घाला. हेच गुलाब, जास्वंद, शेवंती, सगळ्यांना चालतं.

एकेक मुद्दा घेऊ.

“सात दिवसांत शेकडो कळ्या”

मोगऱ्याला कळी येते ती नव्या, कोवळ्या फुटीच्या शेंड्याला. थंडीत झाड जवळजवळ थांबलेलं असतं. हवा तापायला लागली की फूट सुटते आणि चैत्रात, हळदीकुंकवाला गजरे लागतात त्याच सुमारास, कळ्यांचा पहिला मोठा बहर येतो. छाटणीपासून कळी दिसेपर्यंत साधारण महिना-दीड महिना जातो. म्हणजे चमचा घातल्यावर सातव्या दिवशी दिसलेली कळी त्याआधीच शेंड्यात धरलेली होती. मीठ घातलं नसतं तरी ती आलीच असती. हा मजकूर डिसेंबरात का फिरत नाही, याचं उत्तरही यातच आहे. तेव्हा फिरला असता तर पंधरा दिवसांत उघडा पडला असता.

“एप्सम सॉल्ट म्हणजे फुलांचं टॉनिक”

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात मॅग्नेशियम सुमारे 10 टक्के, गंधक सुमारे 13 टक्के. नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) या झाडाच्या मुख्य अन्नद्रव्यांपैकी काहीही नाही. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी असतं, त्यामुळे ते कमी पडलं तर झाड फिकटतं, हे खरं. पण ते कमी पडलंय का, हे आधी बघायला नको? मॅग्नेशियमची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हाच पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत आणि बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढलेल्या मोगऱ्यात हे नेहमी दिसतं. तिथे एप्सम सॉल्ट कितीही ओता, पानं पिवळीच राहणार. चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं.

देशावरची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली. तिच्यात मॅग्नेशियमची सहसा वाण नसते. कोकणातल्या, पावसानं धुऊन निघालेल्या जांभ्या मातीत किंवा नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भरलेल्या कुंडीत ते कमी पडू शकतं, आणि तिथे अधूनमधून हलका डोस उपयोगी पडेल. दर आठवड्याला मात्र कुठेच नको. कुंडीत मॅग्नेशियम साचलं की मुळांना कॅल्शियम आणि पालाश घेणं जड जातं. म्हणजे फुलांसाठी पालाश हवा म्हणून एका हातानं केळीची साल घालायची आणि दुसऱ्या हातानं त्याचीच वाट अडवायची.

केळीची साल, चहाचा चोथा

सालीत पालाश भरपूर असतो आणि भिजवल्यावर त्यातला काही पाण्यात उतरतो. इथवर ठीक. पण त्या पाण्यात नत्र नगण्य, आणि किती पालाश उतरला याचा काही हिशेब नाही. चिलटं मात्र नक्की येतात. साल कंपोस्टमध्ये टाका, तिचं सोनं होईल.

चोथ्याचा सल्ला कोऱ्या चहाच्या देशातून आला असावा. आपल्याकडचा चोथा दूध-साखरेचा. तो तसाच मातीवर टाकला की मुंग्या आणि पांढरी बुरशी. धुऊन, वाळवून कंपोस्टात गेला तर हरकत नाही. माती आम्ल करण्याची ताकद त्याच्यात फारशी उरलेली नसते.

“कात्री लावू नका”

सगळ्या मजकुरात सर्वांत नुकसान करणारं वाक्य हेच. नव्या फुटीवरच कळी येते म्हटल्यावर जेवढे नवे शेंडे तेवढ्या कळ्या, आणि नवे शेंडे छाटणीनं मिळतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातले शेतकरी मोगरा पिकवून कळ्या दादरच्या फुलबाजारात पाठवतात. त्यांना छाटणीचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. कुंडीसाठी रीत सोपी आहे. जानेवारीच्या शेवटाकडे आठ-दहा दिवस पाणी कमी करून झाडाला ताण द्यायचा, पानं किंचित मलूल झाली की झाड निम्म्यावर छाटायचं, उरलेली जुनी पानं काढून टाकायची, वरची दोन इंच माती बदलून शेणखत किंवा कंपोस्ट भरायचं आणि मग नीट पाणी सुरू करायचं. बहर ओसरला की फुलं येऊन गेलेले शेंडे पुन्हा दोन-तीन पेरं खाली खुडायचे. दुसरा बहर त्यातूनच येतो.

ज्यांच्या मोगऱ्याच्या वेलासारख्या लांबसडक फांद्या ग्रिलबाहेर लोंबताहेत आणि कळीचा पत्ता नाही, त्यांनी हे आधी करून बघावं. अशा झाडाला बहुतेकदा नत्र जास्त झालेलं असतं किंवा ऊन कमी.

“सावलीत घ्या, दोन वेळा पाणी”

मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत तो जगतो, पण फुलत नाही.

शहरातल्या गॅलरीत इथे एक वेगळीच गंमत होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं आणि आपण कुंडी खुशाल तिथेच ठेवतो. 21 मार्चच्या सुमारास सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि त्यानंतर उत्तरेकडे सरकत जातो. मेच्या मध्यात मुंबई-पुण्यात तो भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारीही उत्तरेच्या बाजूला असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर दक्षिणेच्या गॅलरीत या काळात थेट ऊन जवळजवळ शिरतच नाही. बाहेर चाळीस अंश, आणि मोगरा सावलीत! माणसं उकाड्याला ऊन समजतात आणि दोष खताला देतात. अशा घरात मार्चअखेर कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत, किंवा सरळ गच्चीवर हलवणं हे कुठल्याही खतापेक्षा उपयोगाचं.

पाण्याचं गणितही घड्याळावर नको. गच्चीवरच्या छोट्या कुंडीला मेमध्ये खरंच दोनदा लागेल. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीला दोनदा घातलं तर मुळं कुजतील. बोट घालून बघा; वरचा एक-दीड इंच कोरडा असेल तर घाला.

“सगळ्यांना चालतं”

गुलाबाची मुख्य छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात. उन्हाळ्यात त्याची फुलं लहान होतात, आणि ते स्वाभाविक आहे. बोगनवेल पाणी तोडल्यावर फुलते. शेवंतीचा तर सगळा कारभार रात्रीच्या लांबीवर चालतो. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ती कळ्या धरते. चैत्रात तिला काहीही पाजलं तरी ती पानंच वाढवणार. रात्रभर दिव्याचा प्रकाश पडत असेल तर हंगामातही ती उशिरा फुलते, तेव्हा कुंडी सोसायटीच्या दिव्याखालून हलवा.

मजकुरात जिचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट राहिली. कळ्या भरपूर येतात पण जांभळट होतात, उमलत नाहीत, गळतात. अशी एखादी कळी चिरून बघा. आत बारीक अळी सापडेल. ही कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोजच्या रोज खुडून नष्ट करायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत, आणि कळ्या धरू लागल्यापासून दर आठवड्याला संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारायचा.