बेळगावात राहून गोव्याचं रडगाणं? : एका खानापूरकरांना उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही फक्त 'एक खानापूरकर' लिहिलंय, तेव्हा मीही तसंच म्हणतो. एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या २०२४-२५च्या मोसमावरच्या माझ्या 'वाया गेलेलं वर्ष' या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. इंडियन सुपर लीगमध्ये दुसरा नंबर आला, वर सुपर कप मिळाला, तरी रडगाणं चालूच. कोच मानोलो मार्केझवर खापर फोडणं हा सोपा उद्योग. आणि तिसरं तुम्ही जरा आवाज चढवूनच लिहिलंय : 'कर्नाटकात राहता, मग बेंगळुरू जिंकलं की तुमच्या पोटात का दुखतं?'

मधला आक्षेप आधी घेतो, कारण तिथं मी चुकलोय. मी लिहिलं होतं की एकाच वेळी भारताचा आणि गोव्याचा कोच होऊन मानोलोंनी आपल्या क्लबचं वाटोळं केलं. तुमची प्रतिक्रिया वाचून पुन्हा हिशेब मांडला. लीगचे २४ सामने, १४ विजय, ६ बरोबरी, फक्त ४ पराभव, ४८ गुण. याला वाटोळं म्हणत नाहीत. दोन दगडांवर पाय ठेवल्यानं कुणी बुडालं असेल तर तो भारताचा संघ : ८ सामने, १ विजय, तोही मालदीवविरुद्ध. जून २०२५मध्ये हाँगकाँगकडून हरलो, जुलैत भारताचं पद सुटलं, आणि तेच मानोलो परत गोव्याच्या बाकावर येऊन बसले. मला तर बरंच वाटलं. म्हणजे माझ्या लेखातला तो परिच्छेद मीच खोडला म्हणायचा.

आता वर्ष 'वाया' का म्हटलं ते. त्यासाठी ६ एप्रिल २०२५बद्दल, बेंगळुरू एफसीविरुद्धच्या लीगच्या सेमीफायनलबद्दल सांगावं लागेल.

त्या दिवशी रामनवमी होती, वर रविवार. बहिणीकडं बाराला जन्म झाला, सुंठवडा हातावर घेतला आणि आम्ही चौघं गाडीत बसलो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, मग फोंड्यावरून मडगाव. चौथा माझा भाचा. तो बेंगळुरात नोकरी करतो आणि पक्का बेंगळुरू एफसीवाला आहे. निळी जर्सी घालूनच आला होता. मी म्हटलं, आपण गोव्याच्या स्टँडात बसणार आहोत बाबा. तर म्हणतो, "मामा, मी गप्प बसतो, खरं जर्सी काढणार नाही." शेवटी एप्रिलच्या त्या उकाड्यात त्यानं वरून जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमात पूर्ण वेळ पोरगा घामानं निथळत होता.

सेमीफायनल दोन सामन्यांची, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिला सामना बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर ०-२ हरून आलो होतो. त्यातला एक गोल आमच्याच झिंगनचा, स्वतःच्या जाळ्यात. तेव्हा फातोर्ड्यात दोन गोल केल्याशिवाय पुढचं काही बोलताच येत नव्हतं. मध्यंतरानंतर लगेच बोर्हा हेरेरानं एक मारला. नंतर जवळजवळ चाळीस मिनिटं नुसती धडपड. ८८व्या मिनिटाला सादिकूचा गोल झाला आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. एकूण २-२. आता जादा वेळ, आता आपलंच, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मी खाली वाकून चष्मा शोधत होतो. सापडला, डोळ्यावर चढवला, आणि समोर बेंगळुरूचा ४० वर्षांचा सुनील छेत्री हवेत उडी घेताना दिसला. ९०+२. हेडर. संपलं.

भाचा ओरडला नाही. उठलासुद्धा नाही. त्यानं नुसता माझा गुडघा धरला. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, चहा घेऊया काय?" परतीच्या वाटेवर घाट संपेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. सुंठवड्याची पुडी डॅशबोर्डवर तशीच होती.

खानापूरकर, हे एकदाच झालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. खरं आमची ही जुनी खोड आहे. २०१५ची फायनल याच मैदानावर होती. ८७व्या मिनिटाला आम्ही पुढं गेलो होतो २-१. मग चेंडू आमच्याच गोलकीपरला, कट्टीमनीला लागून आत (आडनाव ऐकून जास्तच वाईट वाटलं, आपल्याच भागातलं वाटतं ना), आणि लगेच मेंडोझाचा गोल. चेन्नई ३-२. २०१९च्या फायनलला तुमच्याच बेंगळुरूनं ११७व्या मिनिटाला मारलं. २०२४च्या सेमीफायनलला तर कहर झाला : मुंबईविरुद्ध ९० मिनिटांपर्यंत २-० पुढं, आणि शिट्टी वाजली तेव्हा २-३ हरलेले. दिवा विझताना आमच्याकडं वारा सुटतोच. टेबलातला नंबर कितवा हा माझा मुद्दाच नव्हता. जी गोष्ट दर वेळी शेवटच्या पाच मिनिटांत सुटते, ती याही वर्षी सुटली, तीही पुन्हा आपल्याच मैदानावर, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मी नीट लिहिलं नाही आणि मथळाच मोठा करून टाकला. मथळा मागे घेतो. दुःख घेत नाही.

सुपर कपचं म्हणाल तर भुवनेश्वरला ३ मे रोजी जमशेदपूरला ३-० हरवलं ते मी मोबाइलवर बघितलं, पेढेही वाटले. पण तीनचार सामन्यांची ती स्पर्धा. सात महिन्यांच्या लीगचं उट्टं त्यातून निघत नाही.

राहिला पोटदुखीचा आक्षेप. कंठीरवा माझ्या घरापासून ५०० किलोमीटर. रात्रीच्या बसनं जायचं, लॉजवर पडायचं, परत रात्रीच्या बसनं यायचं. फातोर्ड्याला दुपारी निघतो आणि पहाटेच्या आत घरच्या गादीवर असतो. कुठल्या मैदानाला माझी चप्पल लागली, यावरून माझा संघ ठरला. सरकारी नकाशा बघून ठरवला नाही. आणि भाषेवरूनही नाही, कारण काही जण उलट्या बाजूनं मला ऐकवतात की मराठी माणूस ना तू, मग मुंबई सिटी धर. अहो, २०१९ला ११७व्या मिनिटाचा तो गोल मुंबईच्या राहुल भेकेनं मारला होता, बेंगळुरूच्या जर्सीत! भाषेवर जायचं तर त्या रात्री मी पेढे वाटायला हवे होते.

गंमत अशी की ज्या कणकुंबीवरून मी जातो, तिथंच मलप्रभा उगम पावते, आणि तिथल्याच पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक भांडतायत. आपल्या भागात १९५६पासून एक भांडण आहेच, ते कोर्टात आहे, तिथंच राहू दे. फुटबॉलमध्ये आणखी एक कशाला? गोव्याच्या बिल्ल्यावर गवा आहे. तो तुमच्या खानापूरच्या रानातही फिरतो. त्याला कुणी विचारत नाही तू कुठल्या राज्याचा.

पुढच्या वर्षाबद्दल तुम्ही विचारलंय, 'आता तरी कप येणार काय?' ब्रायसन फर्नांडिस आहे, गोव्याचाच पोरगा, २०२४-२५च्या मोसमात उगवता खेळाडू म्हणून बक्षीस मिळवलेला. त्याच्यावर माझा जीव आहे. पण कप येण्याआधी लीग तर व्हायला हवी! ११ जुलै २०२५ला एफएसडीएलनं, म्हणजे लीग चालवणाऱ्या कंपनीनं, क्लबांना कळवलं की फेडरेशनबरोबरचा करार डिसेंबरात संपतोय, नव्याचं ठरलेलं नाही, तोवर मोसम थांबवतोय. ४ ऑगस्टला तुमच्या बेंगळुरूनं खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. भाच्याचा फोन आला तेव्हा मी चिडवायच्या तयारीत होतो, ६ एप्रिलची उधारी बाकी होती. पण त्याचा आवाज ऐकून राहवलं नाही. छेत्रीनं माझं वर्ष घालवलं, खरं ज्या क्लबसाठी त्यानं चाळिशीत उडी मारली, तिथं पगार नाही हे ऐकून मलाच कसंतरी झालं. बेळगावच्या लेले मैदानावर भर पावसात चिखलात खेळणारी पोरं मी रोज बघतो. त्यांनी कुणाकडं बघून खेळायचं?

हे लिहितोय तेव्हा, ऑगस्ट २०२५मध्ये, हातात एकच सामना पक्का आहे. सुपर कप जिंकल्यामुळं मिळालेला (घ्या, इथं पुन्हा तुमचंच बरोबर निघालं) : १३ ऑगस्ट, बुधवार, फातोर्डा, ओमानचा अल सीब. हरलो तर आशियाच्या 'चॅम्पियन्स लीग टू'च्या मुख्य फेरीची दारं बंद. ऑगस्टात चोर्ल्याची काय अवस्था असते ते खानापूरकरांना मी काय सांगणार, म्हणून सकाळीच निघतोय. भाच्यानं रजा टाकलीय. गाडीत मागं एक जागा रिकामी आहे. निळी जर्सी चालेल, फक्त जॅकेट तेवढं आणा.