नॉर्थच्या पोरी ताकदीच्या, साउथच्या शूटर आणि आपल्या नुसत्या पळणाऱ्या? त्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईच्या बास्केटबॉल पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर त्यात म्हटलंय की प्रत्येक भागाच्या पोरींचा गेम जन्मजात ठरलेला असतो, पंजाब-यूपीच्या पोरी धिप्पाड म्हणून रिंगखाली खेळतात, केरळ-तमिळनाडूच्या पोरींच्या हातातच शूटिंग असतं, आणि महाराष्ट्राच्या पोरी बारक्या, त्यांना फक्त पळता येतं, तेव्हा त्यांना पोस्ट मूव्ह (रिंगजवळ पाठ लावून केलेले डाव) आणि थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) शिकवत बसू नका, प्रेस (समोरच्यांना चिकटून दबाव आणणं) आणि फास्ट ब्रेक (बॉल मिळताच पळत जाऊन बास्केट) करून घ्या, बास. वर आणखी, आपल्या शहरी पोरी सॉफ्ट असतात, दहावी आली की सोडतात. मी ऐरोलीला मुलींची संध्याकाळची बॅच घेते, आणि हा मेसेज काही कोच लोकांनीही पुढे ढकललाय म्हणून लिहायला बसले.

राज्याराज्यांच्या खेळात फरक असतो हे मला मान्यच आहे, यूथ नॅशनलच्या चार मॅच बघितल्या तरी दिसतो. पण त्याचं कारण रक्तात शोधलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

आधी नॉर्थचं घेऊ. वाराणसीच्या सिंग बहिणी, दिव्या, प्रशांती, आकांक्षा, प्रतिमा, चौघी भारताकडून खेळल्या, आणि त्यातल्या प्रशांतीला २०१९ मधे पद्मश्री मिळाली, ती शूटिंग गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब खेळणारी, बाहेरून मारणारी. आकांक्षाही गार्ड. म्हणजे यूपीतल्या सगळ्यात नावाजलेल्या घरातून गार्ड निघाल्या. बरं, भारताची सगळ्यात गाजलेली सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी उंच खेळाडू, कोण, तर गीतू अ‍ॅना जोस, सहा फूट दोन इंच, आणि ती केरळची! ऑस्ट्रेलियात जाऊन क्लब बास्केटबॉल खेळून आली. आणि पूनम चतुर्वेदी, साडेसहा फुटांपेक्षा उंच, ती छत्तीसगडकडून खेळली पण मूळची कानपूरची, भिलाईला राजेश पटेल सरांकडे शिकायला गेली होती. आता तिचा गेम कुठल्या भागाचा म्हणायचा? भिलाईत स्टील प्लांटचा आधार होता, वर्षानुवर्षं एकच कोच पोरींच्या मागे उभा होता, म्हणून छत्तीसगडच्या मुली नॅशनलला मेडल घेत राहिल्या. त्या मातीतल्या पोरी अचानक बदलल्या नव्हत्या.

साउथच्या शूटिंगचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नेमकं तेच आपल्याकडे बिघडतं आणि आपण दोष पोरींना देतो. केरळ-तमिळनाडूत स्पोर्ट्स हॉस्टेल आहेत, कॉलेजच्या टीम आहेत, पुढे केरळच्या वीज बोर्डात, सदर्न रेल्वेत नोकरी मिळू शकते. पोरगी हॉस्टेलला राहते, सकाळ-संध्याकाळ त्याच कोर्टवर त्याच कोचसमोर शॉट मारते. शूटिंग म्हणजे शेवटी एकच हालचाल हजारो वेळा नीट करणं. आता आपल्याकडे बघा. नोडमधल्या, म्हणजे नवी मुंबईच्या एकेका उपनगरातल्या, सिमेंटच्या कोर्टला रिंग असते दुहेरी सळीची, जाळी नसतेच, बॉल जरा कडेला लागला की दगडासारखा उडून बाहेर. नरम रिंगमधे जो शॉट दोनदा टप्पा घेऊन आत पडला असता तो इथे अर्ध्या कोर्टपर्यंत जातो, मग पोरगी काय शिकते तर लांबून मारूच नये, आत घुसून लेअप (रिंगजवळ जाऊन सोडलेला शॉट) टाकावा. त्यात बॉल. मुलींचा बॉल ६ नंबरचा, पण बॅचमधे मुलांचे उरलेले ७ नंबरचे, मोठे आणि जड. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला तो बॉल ३.०५ मीटर उंच रिंगपर्यंत पोचवायचा तर कमरेजवळून दोन्ही हातांनी ढकलावाच लागतो, कोपर बाहेर, मनगट कुठेच नाही, आणि ती सवय एकदा अंगात बसली की ६.७५ मीटरची थ्रीची लाइन कायमची लांब राहते. जून ते सप्टेंबर कोर्ट ओलं, शेवाळ धरलेलं, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा असाच जातो.

आणि पळण्याचं म्हणाल तर ते आपणच शिकवतो. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या) शालेय मॅच येतात भर पावसाळ्यात, शाळा ऐनवेळी टीम उभी करते, अंडर १४ला समोरच्या पोरींना दबावाखाली ड्रिबल जमत नाही, मग फुल कोर्ट प्रेस लावा आणि बॉल हिसकावून लेअप करा, मॅच खिशात. मागे परत आलात की २-३ झोन (दोघी पुढे, तिघी मागे आपापली जागा राखतात), कारण बाहेरून मारणारं कुणी नाहीच. यात कोचचाही नाइलाज असतो, शाळेला कप हवा असतो आणि दहावीच्या मार्कांचं पालकांच्या डोक्यात असतं. पण चार वर्षं हेच केल्यावर त्याला महाराष्ट्राची शैली म्हणायचं? पुण्याची शिरीन लिमये बघा, उंच आहे, बॉल स्वतः घेऊन येते, बाहेरूनही मारते, आणि २०१७ मधे बंगळूरला आशिया कप डिव्हिजन बीच्या फायनलमधे कझाकस्तानला ७५-७३ हरवणाऱ्या भारताच्या टीममधे होती.

बुटकेपणाचं रडगाणं तर मला अजिबात पटत नाही. टोकियो ऑलिंपिकला जपानच्या मुलींनी सिल्व्हर घेतलं, स्पर्धेतल्या सगळ्यात बुटक्या टीमपैकी एक होती ती. रुई माचिदा १६२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कुठल्याही लोकलच्या लेडीज डब्यात खपून जाईल एवढी, तिने फ्रान्सविरुद्ध सेमीफायनलला १८ असिस्ट (थेट बास्केट करून देणारे पास) दिले, ऑलिंपिक रेकॉर्ड. आणि त्यांची सेंटर बाहेर येऊन थ्री मारत होती. त्याच जपानमधे पंधरा वर्षांखालच्या मुलांमुलींना झोन डिफेन्स लावायलाच बंदी आहे, मॅन टू मॅनच खेळायचं (प्रत्येकीने आपापली समोरची खेळाडू धरायची), त्यामुळे प्रत्येक पोरीला ड्रिबल करून समोरच्याला चुकवायला आणि मोकळी मिळाली की मारायला यावंच लागतं.

म्हणून तेरा वर्षांच्या उंच पोरीला रिंगखाली उभी करून "बॉल खाली आणू नकोस" एवढंच सांगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिला बॉल घेऊन कोर्टभर येऊ द्या, चुकू द्या, बुटकीला पोस्टमधे पाठ लावून उभं राहायला शिकवा. कुणाची उंची सोळाव्या वर्षी किती होईल हे आज कुणालाच कळत नाही, आणि आज सेंटर ठरवलेली पोरगी पुढे सरासरी उंचीची निघाली तर तिच्या हातात काहीच उरत नाही.

राहिला सॉफ्टचा मुद्दा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून दप्तर आणि शूज सांभाळत प्रॅक्टिसला येणारी, तिथून क्लासला पळणारी पोरगी सॉफ्ट नाहीये. दहावीला ती सोडते कारण क्लासची वेळ आणि प्रॅक्टिसची वेळ एकच असते आणि पुढे काय याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं. ज्यांना तो मेसेज फॉरवर्ड करायला वेळ आहे त्यांनी या पावसाळ्याआधी आपल्या नोडच्या कोर्टवर शेड आणि नरम रिंग मागणारं एक पत्र द्यावं, पालक म्हणून सह्या करायला मी येते, आणि बॅचसाठी ६ नंबरचे बॉल घ्यावेत.