खुलासा: पार्ट कोणत्या बाजूवर विसावेल, हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही

‘पार्टची जी बाजू जितकी मोठी, तितक्या प्रमाणात तो तिच्यावर पडतो’ हा हिशोब बाऊल फीडर (थरथरत्या भांड्यातून सुटे पार्ट एकाच बाजूने, रांगेत पुढे पाठवणारं यंत्र) बनवणाऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. तो चुकीचा आहे.

१० × १० × २० मिमीचा चौकोनी ठोकळा घ्या. क्षेत्रफळाने पाहिलं तर तो २० टक्के वेळा उभा, म्हणजे १० × १० च्या टोकावर, राहायला हवा. पण गुरुत्वमध्यापासून त्या टोकांचा घनकोन (तिथून पाहिल्यावर ती टोकं सगळ्या दिशांपैकी किती भाग व्यापतात) मोजला, तर वाटा जेमतेम १३ टक्के येतो. आणि तोही न उसळता अलगद टेकला तरच. कडक पत्र्यावर पार्ट उसळतो, तिथे खरा प्रश्न उर्जेचा असतो: उभा ठोकळा आडवा व्हायला गुरुत्वमध्य फक्त १.१८ मिमी वर जावा लागतो, आडवा उभा राहायला ६.१८ मिमी! म्हणून प्रत्यक्षात उभे पार्ट आणखी कमी सापडतात.

याकडे दुर्लक्ष केलं की फीडरचा वेग कागदावरच राहतो, कारण चुकीच्या बाजूने आलेला पार्ट बाऊलच्या कडेने वर जाणाऱ्या ट्रॅकवरून परत बाऊलमध्ये पडतो. पोकळ किंवा एका बाजूला जड पार्टसाठी तर क्षेत्रफळ विसराच. टूलिंग (ट्रॅकवर चुकीच्या बाजूचे पार्ट गाळणारी रचना) कापण्याआधी शंभर-दोनशे पार्ट फीडरमध्ये असेल त्याच पत्र्यावर, त्याच उंचीवरून टाका आणि कोणत्या बाजूवर किती पडले ते मोजा.