‘तिथे औषधे पाठवा, संशोधन कशाला?’ : एका पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

साधनांची चणचण असलेल्या समाजांच्या आरोग्याबद्दल एक युक्तिवाद समाजमाध्यमांवर, व्याख्यानांत आणि कधी कधी डॉक्टरांच्या आपसांतल्या चर्चेतही वारंवार पुढे येतो. त्याचा आशय थोडक्यात असा. गरीब लोक औषधे नीट घेत नाहीत, बरे वाटले की मध्येच सोडून देतात. प्रतिजैविके ते मनाला येतील तशी खातात आणि त्यामुळेच औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढतात. कोणता उपचार लागू पडतो हे वैद्यकशास्त्राला आधीच ठाऊक असल्यामुळे अशा ठिकाणी संशोधनावर पैसा घालवण्याऐवजी तो औषधांवर खर्च करावा. आणि शेवटी, तिथे होणारे संशोधन म्हणजे गरिबांवर केलेले प्रयोगच. ही चारही विधाने ऐकायला व्यवहारी वाटतात आणि चौथ्यामागे तर खरी कळकळ आहे. तरीही पहिली दोन पुराव्यापुढे टिकत नाहीत, तिसऱ्याची किंमत लहान मुलांनी जीव देऊन मोजली आहे, आणि चौथ्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

गरीब रुग्ण औषधे नियमित घेत नाहीत, या समजुतीने एकेकाळी धोरणे अडवली आहेत. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी असे म्हटले होते की, आफ्रिकेतील अनेकांना घड्याळाची वेळ पाळण्याची सवय नाही, म्हणून एचआयव्हीवरची ठरावीक वेळी घ्यायची औषधे त्यांना देऊन उपयोग नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, २००६ मध्ये, तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ही औषधे पुरेशा नियमितपणे घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के, तर उत्तर अमेरिकेत ५५ टक्के होते. याहून जुना दाखला मद्रासचा आहे. १९५६ पासून तिथे क्षयरोग्यांच्या एका गटाला आरोग्यधामात विश्रांती, सकस आहार आणि देखरेख यांसह, तर दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच राहून औषधे देण्यात आली. दोन्ही गटांतील रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले आणि घरी राहणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली नाही. क्षयरोग्याला घरी ठेवून बरे करण्याची जगभरची पद्धत या निष्कर्षावर उभी राहिली.

रुग्ण औषधे मध्येच सोडतात, हेही पुष्कळदा खरे असते. मात्र त्याची कारणे शोधायला गेले की दवाखान्याचे अंतर, बुडणारी मजुरी, संपलेला साठा आणि औषधाचे स्वरूप ही कारणे अडाणीपणाच्या बरीच आधी सापडतात. क्षयरोग झालेल्या लहान मुलांचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यासाठीची मात्रा २०१० मध्ये वाढवली, परंतु त्या मात्रेच्या, पाण्यात विरघळणाऱ्या, चांगल्या चवीच्या, अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या २०१५ च्या अखेरीस आल्या. मधल्या काळात घरातल्या माणसांनी मोठ्यांच्या गोळ्या मोडायच्या, तुकडा चमच्याखाली चुरडायचा, त्या कडू भुकटीतली किती मुलाच्या पोटात गेली आणि किती थुंकली गेली याचा अंदाज करायचा आणि हे महिनोन्महिने रोज करायचे, अशी स्थिती होती. इतके करूनही मात्रा चुकली तर त्याचा दोष आईच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्यही सरसकट लागू होत नाही. पाकिस्तानात २००२ मध्ये आणि भारतात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तीव्र नसलेल्या न्यूमोनियाच्या मुलांना तीन दिवसांचे आणि पाच दिवसांचे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देऊन तुलना केली गेली. तीन दिवसांचे औषध तितकेच गुणकारी ठरले. याचा अर्थ रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध थांबवावे असा नाही, आणि क्षयरोगात तर महिनोन्महिन्यांचा उपचार पुरा करावाच लागतो. पण औषध किती दिवस द्यायचे हा प्रश्न मोजमापाने सुटतो, आणि इथे ते मोजमाप ज्या मुलांना न्यूमोनियाचा सर्वाधिक धोका आहे त्यांच्याच देशांत झाले.

दुसरे विधान प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाबद्दलचे. चिठ्ठीशिवाय औषधे विकली जातात, व्हायरल तापातही प्रतिजैविके दिली जातात, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की प्रतिरोधाचे ओझे याच्याच प्रमाणात वाढते का. २०१९ मध्ये जगात प्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार इतका आहे, आणि लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त मृत्यू पश्चिम आफ्रिकेत झाले. २०१८ मध्ये शंभराहून अधिक देशांच्या आकडेवारीची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात प्रतिरोधाच्या पातळीचा ठळक संबंध पायाभूत सोयी आणि कारभार यांच्याशी आढळला. देशातील प्रतिजैविकांच्या खपाशी तसा ठळक संबंध आढळला नाही. सांडपाण्यातून आणि दूषित पिण्याच्या पाण्यातून प्रतिरोधक जिवाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचत असतील, तर ज्याने आयुष्यात प्रतिजैविकाची एकही गोळी चुकीची घेतली नाही त्यालाही त्यांची लागण होते. भर म्हणून बनावट औषधांचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ मधील अंदाजाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दर दहा वैद्यकीय उत्पादनांपैकी एक निकृष्ट किंवा बनावट असते. औषधांश कमी असलेली गोळी रुग्णाने कितीही इमानाने वेळेवर घेतली तरी जिवाणू पुरते मरत नाहीत.

आणि अतिवापराइतकीच न मिळण्याची बाजूही गंभीर आहे. इतर प्रतिजैविके चालेनाशी झाल्यावर वापरायच्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही न जुमानणाऱ्या संसर्गांचा भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, ब्राझील यांसह आठ देशांत झालेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार असे संसर्ग झालेल्यांपैकी जेमतेम सात टक्के रुग्णांना योग्य प्रतिजैविक मिळाले. उरलेल्यांना जनजागृतीच्या फलकाने काय मिळणार होते?

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते सद्भावनेने केले जाते. ‘काय करायचे ते माहीत आहे, फक्त ते पोचवा’ असे म्हणणाऱ्यांनी केनिया, युगांडा आणि टांझानिया येथे झालेली, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वाचावी. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने सलाईन द्यायचे, हा श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांतला मान्य उपचार होता. आफ्रिकेतील बहुतेक रुग्णालयांत तो दिला जात नव्हता आणि ती उणीव समजली जात होती. बालरोगतज्ज्ञ कॅथरीन मेटलँड यांच्या नेतृत्वाखालील गटाने कृत्रिम श्वासाची सोय नसलेल्या रुग्णालयांत ३,१४१ मुलांवर त्याची पारख केली. झपाट्याने द्रव दिलेल्या दोन गटांत ४८ तासांत १०.६ आणि १०.५ टक्के मुले दगावली. ज्यांना असा द्रव दिला नव्हता त्यांच्यात ७.३ टक्के. देखरेख समितीने चाचणी मुदतीपूर्वीच थांबवायला लावली. एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर अनर्थ होईल: जुलाबाने शुष्क झालेली मुले या चाचणीत नव्हती, आणि त्यांच्यासाठी द्रव हाच जीवनाधार आहे. पण बाकीच्या मुलांसाठी, केवळ ‘पोचवा’ म्हणून हजारो रुग्णालयांना बाटल्या आणि सूचना पाठवल्या असत्या, तर अधिक मुले मेली असती आणि त्यांची मोजदादही झाली नसती. पुढे झांबियातील प्रौढ रुग्णांत, रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब घसरलेला असताना, अशाच आक्रमक उपचारपद्धतीची चाचणी झाली. २०१७ च्या त्या निष्कर्षांत नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३३ टक्के, तर नव्या पद्धतीचे उपचार मिळालेल्यांपैकी ४८ टक्के रुग्ण रुग्णालयात मरण पावले.

औषध तेच आणि परिणाम उलटा, असेही घडते. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे दशकानुदशके सिद्ध झालेले आहे. सहा देशांतील खेडी आणि लहान दवाखाने यांत ते पोचवण्याचा प्रयत्न झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एकंदर नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी किंचित वाढले. गर्भाचे वय नेमके ठरवता न आल्याने इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती अकाली झालीच नाही, आणि मातांमध्ये संसर्गाची शंकाही वाढलेली दिसली. २०२० मध्ये भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील, सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवणाऱ्या आणि नवजात बाळांची देखभाल करू शकणाऱ्या रुग्णालयांत तेच औषध पुन्हा तपासले गेले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. देश गरीबच, औषध तेच. फरक भोवतालच्या सोयींचा. एका गरीब प्रदेशातला निष्कर्ष दुसऱ्या गरीब प्रदेशालाही आपोआप लागू होत नाही. नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावल्याने नेपाळच्या तराईत, जिथे बहुतेक प्रसूती घरी होत, नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

काही प्रश्न तर श्रीमंत देशांत कुणाला पडतच नाहीत. फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन टिकते का? उत्तर केनियातील दागाहाले निर्वासित छावणीत घरातले तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान बदलते. इन्सुलिन घरी देता येणार नाही असे धरून रुग्णांना टोचून घेण्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागत. तेवढीच उष्णता देऊन प्रयोगशाळेत कुपी चार आठवडे तपासल्या गेल्या आणि इन्सुलिनची शक्ती शाबूत राहिल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. औषध आधीपासून उपलब्ध होते. उणीव होती ती या माहितीची.

संशोधनाचा पैसा औषधांच्या वाट्याचा असतो, हा हिशेबही चुकतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. हे धाडस आंधळे नव्हते, कारण ढाक्यातील कॉलरा प्रयोगशाळेत १९६८ मध्ये त्याची पारख झालेली होती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण देऊन, शेजारच्या गावांशी तुलना करत निष्कर्ष मोजले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. मोजणी झाली नसती तर हे एका भागातले चांगले काम म्हणून तिथेच राहिले असते.

राहिला प्रयोगांचा आक्षेप. त्यातला संताप रास्त आहे. १९९६ मध्ये नायजेरियातील कानो येथे मेंदूज्वराच्या साथीत एका बहुराष्ट्रीय कंपनीने मुलांवर नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली, संमतीबद्दल गंभीर आरोप झाले आणि खटले वर्षानुवर्षे चालले. पण संशोधन बंद केल्याने प्रयोग बंद होत नाहीत. न तपासलेला उपचार लाखो लोकांना देणे हाही प्रयोगच असतो, फक्त त्यात संमती विचारली जात नाही आणि नोंद ठेवली जात नाही. संशोधनाच्या नैतिकतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१६ च्या आवृत्तीने अशा संशोधनाचे निकष दिले आहेत: अभ्यास त्या समाजाच्या गरजेचा असावा, आणि गुणकारी ठरलेला उपचार त्यांना मिळण्याची तजवीज आधीच व्हावी.

पहिला निकष काँगोत पाळला गेला. तिथले विषाणुतज्ज्ञ ज्याँ-जाक मुयेंबे यांच्या सहनेतृत्वाखाली, साथ चालू असताना ६८१ रुग्णांवर इबोलाच्या चार औषधांची तुलना झाली आणि २०१९ मध्ये दोन औषधे सरस ठरली. त्यांतले एक १९९५ च्या, काँगोतील किक्वित शहरातल्या साथीतून वाचलेल्या रुग्णाच्या प्रतिपिंडापासून (अँटिबॉडी) तयार झालेले आहे. दुसरा निकष मात्र पाळला गेला नाही. औषधांना मान्यता मिळूनही ज्या देशांत इबोला उद्भवतो तिथे त्यांचा पुरवठा अपुरा राहिला. आक्षेप घेणाऱ्यांनी आपला जोर इथे लावावा: पुरवठ्याची हमी, साठ्याचे ठिकाण आणि किंमत ही चाचणी सुरू होण्यापूर्वीच्या करारात लिहिलेली नसतील, तर नैतिक समितीने परवानगी देऊ नये.