दुसऱ्या पायरीचं पाणी

कोल्हापुरात, आमच्या गल्लीत पूर फुटात नाही, पायऱ्यांत मोजतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण खरा प्रश्न एकच, "दुसऱ्या पायरीला लागलं काय?" २००५ ला पाणी तिथंवर आलं आणि फिरलं. शेजारच्या आण्णांनी तिथं भिंतीवर ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही रात्री सामान माळ्यावर चढवत होतो. आण्णा कट्ट्यावरून म्हणाले, "कशाला हमाली करतायसा? ह्या रेघेच्या वर पंचगंगा येत न्हाई." पहाटे रेघ पाण्याखाली. त्या वर्षी बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि आण्णांना बोटीतून बाहेर काढावं लागलं.

लोक त्यांना अजून चिडवतात. मला ते पटत नाही. माणसाकडं आयुष्यभराचा अनुभव होता. तो ज्या हवेत जमला, ती हवाच आता राहिली नाही.

हवा १ अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. २०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाची वेस ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. इकडं अरबी समुद्र तापतोय, त्याची वाफ सह्याद्रीला येऊन धडकते. महिनाभर रिमझिमणारा पाऊस मग दोन-चार दिवसांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा! आमच्याकडं त्याच आठवड्यात, दोनच वर्षांत दुसरा महापूर.

आणि २०२३ चा ऑगस्ट? देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. तापलेल्या हवेचं हेच आहे, द्यायला लागली की झोडपून देते, नाही तर जमिनीतली ओलही ओढून नेते. पुढच्या काळात ही दोन्ही टोकं आणखी ताणली जाणार, असं शास्त्रज्ञ सांगतात.

आपल्याकडं पूर आला की चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जाते. जावी, धरणांचा हिशेब व्हायलाच पाहिजे. पण कर्नाटकाला शिव्या घालणं सोपं असतं, आपल्याच पूररेषेत टाकलेल्या भरावाबद्दल बोललं की चहाच्या टपरीवर शांतता पसरते. त्या भरावावर कुणाकुणाचे प्लॉट आहेत, हे टपरीवाल्यालाही ठाऊक असतं.

मार बसतो तो खाली राहणाऱ्यांना. कुंभार गल्लीत गणपती पाण्यात जातात, म्हणजे वर्षाची कमाई गेली. नदीकाठच्या उसाच्या शेंड्याच्या सुरळीत गढूळ पाणी शिरलं की ऊस जागेवर कुजतो, सोसायटीचं कर्ज मात्र कुजत नाही. ज्याला परवडलं तो उंचावर फ्लॅट घेऊन गेला. त्याच्या मागं रिकाम्या झालेल्या खोल्यांत कमी भाड्यात कामगार आले, त्यांना त्या रेघेचा इतिहासही माहीत नाही.

आम्हीही आता जागा शोधतोय. परवा एजंटनं नदीपासून बरीच आत एक घर दाखवलं. मी सवयीनं विचारलं, पाणी येतं काय?

"अजिबात न्हाई साहेब. २०१९ सोडलं तर कधीच न्हाई."

"आणि २०२१?"

"ते पण सोडा की."